बांधापलीकडची जाऊ

प्रिय मातीखाऊ,

लष्करात मोठा डोझरवाला झालास, तरी मी तुला याच नावाने हाक मारणार. अंगणातली माती खाणाऱ्या ज्या नातवाच्या तोंडात बोट घालून मी ती उकरून काढायची, त्याला आता सरकार माती उपसायचा पगार देतं. शेजारची शिंपीणबाई हे लिहून घेतेय. हसू नकोस, लिही म्हटलं, तर तेही लिहितेय.

तुझं पत्र तिने मला वाचून दाखवलं. समझोता झालाय, तुझीच तुकडी आपल्या गल्लीतला मातीचा बांध फोडायला येणार. आधी डोझरला फाळ लावून मातीत पुरलेले सुरुंग उकरणार, मग त्याचं रुंद पातं माती बाजूला लोटणार, आणि आजी चपला घालून थेट धाकट्या आजीकडे जाणार. शिंपीणबाईचे डोळे भरले. मी म्हटलं, चपलेचा अंगठा तुटलाय.

लढाईत तो बांध घातला, तेव्हा माझं घर अलीकडे राहिलं, माझ्या धाकट्या जावेचं, म्हणजे तुझ्या धाकट्या आजीचं, पलीकडे. जावा-जावा बांधावरून भांडतात यात नवल नाही. आमचं भांडण खरोखरच बांधावरून जायचं. सकाळी कपडे वाळत घालताना मी ओरडून विचारायची, आजही चहा पांचटच केलास का? ती म्हणायची, तुझ्या जिभेपेक्षा गोड झालाय. एकदा माझ्याकडे साबण नव्हता, तर तिने फडक्यात वडी बांधून फेकली, ती नेमकी माझ्या डोक्यात. मुद्दाम मारली म्हणून दिवसभर तोंड सोडलं, आणि त्याच वडीने न्हाले.

थंडी सरली तसा तिचा आवाज येईनासा झाला. मी तिच्या माहेरचा उद्धार केला, तरी उत्तर नाही. विचारणाऱ्यांना सांगते, रुसलीय. बांध उभा आहे तोवर ती रुसलेलीच आहे बघ.

म्हणून हे पत्र. तू बांध फोड, ते तुझं कामच आहे. पण वाट मोकळी झाली की मला हाक मारू नकोस. आधी एकटा पलीकडे जाऊन ये. ती दारात असली, तर मला पहिली शिवी कोणती दिली ती जशीच्या तशी येऊन सांग. नसली, तर काही सांगू नकोस. मशीन बंद कर आणि माझ्यापाशी येऊन बस.

तुझीच,
अजून खणखणीत आवाजाची
आजी