घट्ट गुंडाळलेल्या वायरी

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मॉनिटरवरची रेषा सपाट झाली, मी धावत जाऊन वॉर्डातल्या एका आजोबांच्या छातीवर दोन्ही हात रोवले, आणि त्यांनी डोळे उघडून विचारलं, की सिस्टरबाई, माझं काही चुकलं का. वॉर्ड हसला. पण बाहेर बाकावर बसलेल्या त्यांच्या बायकोने आमची धावपळ पाहिली होती. ती चक्कर येऊन पडली, कपाळाला टाके पडले.

मॉनिटरची वायर आतून तुटली होती. हल्ली सारख्याच तुटतात. मेट्रननी विचारलं, मशीनला हात कोण लावतं. मी साफसफाईच्या मावशींकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, मी फक्त कोरड्या फडक्याने काच पुसते. मी सगळ्यांदेखत म्हटलं, खोटं बोलू नका. पंधरवडा संपला की त्यांना काढणार आहेत. मी मात्र ड्यूटी संपली की एकेक वायर आईच्या शिस्तीने घट्ट गुंडाळून ठेवते. इतरांना एवढंही जमू नये?

मुलांना पापे. आहे ती माया पातळ करू नकोस.

तुझी,
धाकटी

७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

टापटीपराणी, आजोबांचं वाचून हसले, पुढचं वाचून हसू गेलं. आईच्या इस्त्रीची वायर आठव. आई ती आवळून गुंडाळायची, वायर मानेपाशी मोडायची आणि बोलणी दादा खायचा. आमच्या वॉर्डात नव्या मुलींना आधी हेच शिकवतो: वायर सैल वेटोळं करून टांगायची, काढताना टोकाला धरायची. आवळली की आतली तार मोडते, वरून कळत नाही. तुझ्या वायरी बोटांनी चाचपून बघ. मग मला लिहीत बसू नकोस, मेट्रनकडे जा.

रागावलीस तरी माझीच राहा.

ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चाचपल्या. सगळ्या मुळाशी मऊ लागतात. मेट्रनच्या दारापर्यंत गेले. आत कुणीतरी होतं म्हणून परतले, असं लिहिणार होते; खरं तर कुणी नव्हतं. जिन्यात मावशी फरशी पुसत होत्या. माझ्यासाठी बादली सरकवली, म्हणाल्या, ओलं आहे, जपून उतरा. मला वर बघवेना. उद्या त्यांचा शेवटचा दिवस. उद्या सांगते.

तोंड दाखवायची लाज वाटते, तरी दार उघडं ठेव.

धाकटी

ता. क. सकाळी मेट्रनना सांगितलं. मावशींची नोकरी वाचली. पण मावशींनी दुसरा वॉर्ड मागून घेतला.