खाट क्रमांक सातच्या तीन नोंदी

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सामान्य रुग्णालय.

विषय : चौकशी अहवालातील 'परिचारिकेकडून हलगर्जीपणा झालेला नाही' हे वाक्य वगळण्याबाबत.
संदर्भ : माझा पूर्वीचा अर्ज, जो 'तक्रार नेमकी कोणाविरुद्ध हे स्पष्ट होत नाही' या शेऱ्यासह परत आला.

महोदय,

सविनय सादर करते की, तक्रार माझ्याविरुद्ध आहे.

अस्थिरोग कक्षात खाट क्रमांक सातवरील शिंपीकाकांच्या पायाला प्लास्टर घातले, त्या दिवशी दुपारची पाळी माझी होती. दर तासाला चादर उचलून पायाची बोटे पाहावीत, त्यांचा रंग व ऊब तपासून नोंद करावी, असा नियम आहे. मी तीन वेळा 'समाधानकारक' लिहिले. चादर एकदाही उचलली नाही. काका मात्र तिन्ही वेळा बोलले. पहिल्यांदा म्हणाले, "सिस्टर, बोटांना मुंग्या येताहेत." नवीन प्लास्टर आहे, होतं असं, असे मी सांगितले. दुसऱ्यांदा म्हणाले, "बोटं कळतच नाहीत." मी दुसऱ्या खाटेवरचे सलाईन बदलत होते, आलेच म्हणाले आणि गेले नाही. तिसऱ्यांदा त्यांनीच, "राहू द्या, तुमची धावपळ चाललीय," असे म्हणून तोंड फिरवले. पुढच्या पाळीच्या परिचारिकेने चादर उचलली तेव्हा बोटे काळीनिळी पडली होती. पाऊल काढावे लागले.

समितीने नोंदवही पाहिली. नोंदी वेळच्या वेळी, अक्षर सुवाच्य, सबब मी निर्दोष. बोटे पाहिली होती का, असे मला विचारले तेव्हा मीही होकारार्थी मान हलवली. अहवालात पुढे असेही आहे की, 'रुग्णाने वेळीच तक्रार केली नाही.'

गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. शिलाई मशीन आता काकू चालवतात, काका बसून कापड बेततात. माझ्यासमोर चहा ठेवत काकू म्हणाल्या, "यांचा स्वभावच भिडस्त. तोंड उघडलं असतं तर पाय राहिला असता." काका खडूने रेघ ओढत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. मी चहा संपवला आणि उठून आले.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दर दहा मिनिटांनी कक्षभर चादरी उचलत फिरते. काल हात मोडलेल्या एका रुग्णाच्याही पायाची बोटे दाबून पाहिली. त्याने आपल्याकडे लेखी तक्रार केली आहे. ती खरी आहे.

तरी अहवालात 'रुग्णाने तीन वेळा सांगितले, परिचारिकेने पाहिले नाही' अशी दुरुस्ती व्हावी व माझ्यावर नियमानुसार कारवाई व्हावी, ही विनंती. निर्णयास वेळ लागेल, याची कल्पना आहे. तोवर काकांनी घरात बोलणी खावीत हे मला सहन होत नाही. म्हणून आज पाळी संपताच या अर्जाची प्रत मी काकूंना, काकांच्या देखत, स्वतः वाचून दाखवणार आहे.

आपली नम्र,
(सही)
परिचारिका, अस्थिरोग कक्ष
दि. १४

सोबत : नोंदवहीच्या पानाची प्रत.