वस्ती पास झाली पाहिजे

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मी सरकारी माणूस. म्हणजे अर्धी सरकारी, अर्धी संस्थेची. सरकार अन् 'पाऊल' संस्था मिळून वस्त्यांची सामाजिक प्रगती मोजून राहिले. अडतीस वस्त्या. प्रत्येक वस्तीतून एक पोरगा नाही तं पोरगी. आमच्या वस्तीतून मी. दुसरं कोणी तयार नव्हतं हे खरं हाय, पण निवड ते निवड.

ट्रेनिंग समाजभवनात झालं. चिन्मयी मॅडम संस्थेच्या, मधुसूदन सर सरकारचे. एकेका घराले पन्नास प्रश्न, शंभर मार्क. नळ हाय काय, संडास हाय काय, पोरं शाळेत जातात काय. सगळ्या घरांची सरासरी म्हणजे वस्तीचे मार्क. मार्क लागले की दहा वस्त्यांत उन्हाळ्यातच नळाची लाईन टाकणार. मॅडम म्हणे, ज्यांचे मार्क सगळ्यात कमी त्या दहा वस्त्या. त्याच टायमाले समोसे आले, त्याच्यानं गडबडल्या असतील. कमी मार्कवाल्याले कोण काय देते? मले नववीत गणितात अकरा मार्क होते, मले तं कोणी काही नाही दिलं. विचारणार होती. पण एवढ्या मोठ्या मॅडमची चूक सगळ्यांसमोर काढनं बरं नाही दिसत.

(शाळा मी स्वतःहून सोडली. प्रॉब्लेम शाळेचा होता.)

संकल्प: आपली वस्ती पहिल्या दहात. आई टँकरमागे पळते, दोन-दोन गुंड (पाण्याचे हंडे) उचलते, कंबर गेली तिची. यंदा घरात नळ.

५ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी ९

आजचं टार्गेट दहा घरं.

दुपारी १

शून्य. देवरावकाकाच्या दारापर्यंत गेली होती. आत टीव्ही चालू होता. लोकांची सिरीयल तोडनं चांगल्या माणसाचं काम नाही.

संध्याकाळी ६

एक घर झालं. आमचं. आईले विचारलं, शौचालयाची सोय हाय काय. आई म्हणे, काहून वं, तुले माहीत नाही? लिही, नाक्यावर एक सार्वजनिक हाय अन् त्याले दार नाही. मी 'हो' वर टिक केली. सोय हाय. दाराचा प्रश्न फॉर्मात नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

नवीन पद्धत काढली. विचारायचंच नाही. पाहायचं. बाहेरून. दोरीवर शाळेचा ड्रेस, म्हणजे पोरं शाळेत. छतावर डिश, म्हणजे माहितीची सोय. ओट्यावर साबण, म्हणजे स्वच्छता. विज्ञानात याले निरीक्षण म्हणतात. एका दिवसात एकवीस घरं, कोणासंग एक शब्द नाही. बाकीच्या वस्त्यांतल्या पोरी अजून दार ठोकून राहिल्या असतील बिचाऱ्या.

लोक म्हणतात मी लाजते. मी लाजत नाही. मी निरीक्षण करते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

यमुताईनं पकडलं. यमुताई म्हणजे आमच्या बाजूच्या घरची. म्हणे, काय वं रितिका, तीन दिवस झाले माह्या घराकडे टकामका पाहून राहिली, चोरी करतं काय? मी फॉर्म दाखवला. म्हणे, हे कोण वाचते? म्हटलं, सरकार. म्हणे, सरकार वाचते म्हणजे कामठीवाले भी वाचतील.

तिच्या श्वेताले कामठीचं स्थळ आलं हाय. पाहून गेले, होकार नाही आला अजून. यमुताई म्हणे, लिही मंग. घरात नळ. संडास टाइलवाला. पोरगी बारावी. श्वेता दहावी नापास हाय, आतून ओरडली, माय, बारावी नको, सर्टिफिकेट मागतील. यमुताई म्हणे, तू चूप बस, तुले काय समजते.

मी लिहिलं सगळं. एका पोरीच्या लग्नाचा प्रश्न हाय. वरून वस्तीले फुकटचे मार्क.

संध्याकाळपर्यंत वस्तीत हवा झाली. बाया आपणहून येऊन लिहून देऊन राहिल्या. मले एकही दार ठोकायची गरज नाही पडली. देवरावकाकानं तं दोन नळ सांगितले, एक अंगणात. सगळ्यांले नळ पाहिजे होता. कागदावर सगळ्यांले दिला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

टोटल मारली. तीनदा मारली, तीनदा वेगळी आली. मंग श्वेताच्या मोबाईलवर केली. सरासरी चौऱ्याहत्तर. एका मार्कानं डिस्टिंक्शन जाऊन राहिलं. असं नाही चालत.

नऊ-दहा प्रश्नांले ग्रेस मार्क दिले. बोर्डही देते. 'पाणी चोवीस तास उपलब्ध', सगळ्यांले 'हो'. माठात असतेच चोवीस तास. 'घरातील सर्व मुले शिक्षण घेत आहेत', आमच्या घरालेही 'हो'. शिकूनच तं राहिली मी, अनुभवातून.

आता एक्क्याण्णव.

एक्क्याण्णव! एवढे मार्क मी हातानं कधी लिहिले नव्हते.

१ मार्च, शनिवार

फॉर्म जमा केले. चिन्मयी मॅडमनं पानं चाळली. म्हणे, रितिका, किती नीटनेटकं काम आहे गं तुझं. प्रत्येक घरात जाऊन आलीस ना? मी मान हलवली. वर-खाली की आडवी, ते त्यांनी पाह्यलं नाही. फोन आला होता त्यांले.

२७ मार्च, गुरुवार

पहिला नंबर!!! अडतीसमधून!!! मॅडमचा मेसेज आला. यादी नंतर लावणार म्हणे.

आईले सांगितलं, नळ पक्का. आईनं पदरानं तोंड पुसलं अन् ती बाहेर गेली. मंग ओट्यावरून तिचा आवाज आला, पाहा वं, माहीच पोरगी हाय ते सर्वेवाली. शाळा सोडल्यावर पहिल्यांदा आईनं माहं नाव मोठ्यानं घेतलं. यमुताईनं नळाच्या जागेवरची तुळस आजच हलवली.

२ एप्रिल, बुधवार

खोदकाम सुरू झालं. रोडच्या पलीकडच्या वस्तीत. त्यांचा नंबर अडतिसावा, म्हणजे शेवटचा. चुकीच्या बाजूनं खोदून राहिले. पाईप तिकडून इकडं येत असेल.

७ एप्रिल, सोमवार

पाईप तिकडून इकडं नाही येत. तिकडंच राहते.

समाजभवनाच्या भिंतीवर यादी लागली. नळाची लाईन: सर्वात कमी गुणांच्या दहा वस्त्या. मॅडम तेव्हा बरोबर बोलल्या होत्या. पण असं उलटं असेल तं जोरानं सांगायचं ना. दोनदा सांगायचं. समोसे ठेवून सांगायचं. शाळेतही असंच होतं, अर्धं सांगायचे अन् मंग म्हणायचे, समजलं नाही काय.

खाली अजून एक ओळ. आपल्या वस्तीचा टँकर एक दिवसाआड यायचा, तो आता आठवड्यातून एकदा. कारण: घरोघरी नळ उपलब्ध.

११ एप्रिल, शुक्रवार

पाणी आता रोडच्या पलीकडून. त्यांच्या वस्तीत नवीन नळ, आम्ही लाईनीत. ते लोक म्हणतात, काहून गा, तुम्ही तं पहिल्या नंबरवाले ना, इकडं कशाले आले?

आई म्हणे, कोण्या मेल्यानं लिहिलं हे? म्हटलं, कम्प्युटरनं. म्हणे, तू तं खरं लिहिलं होतं ना? म्हटलं, हो. म्हणे, मंग माह्या पोरीचे कागद बदलवले त्यांनी. आता घरोघर तेच सांगून राहिली. बायांले पटलं भी. ज्यांनी आपल्या तोंडानं नळ लिहायले लावला त्यांलेही पटलं. देवरावकाका सगळ्यात जास्त चिडले हाय.

संकल्प: उद्या मॅडमले फोन. सगळं खरं सांगायचं.

१२ एप्रिल, शनिवार

फोन केला. मॅडमनं उचलला नाही. (एकच रिंग वाजू दिली मी. उचलणाऱ्यानं तेवढ्यातही उचलला असता.)

१४ एप्रिल, सोमवार

आज जयंती, सुट्टी. सुट्टीच्या दिवशी कोणाले त्रास नाही द्यायचा.

१५ एप्रिल, मंगळवार

व्हॉट्सॲपवर टाकलं, मॅडम एक सांगायचं होतं. डिलीट केलं. परत टाकलं. परत डिलीट. मॅडमचाच मेसेज आला, काय डिलीट करतेस गं, सगळं ठीक ना? अंगठा पाठवला.

२२ एप्रिल, मंगळवार

सत्कार झाला माहा. शाल, नारळ, वस्तीच्या तोंडावर 'प्रगत वस्ती'चा बोर्ड. मधुसूदन सर म्हणे, शासन अन् समाज हातात हात घालून चालले की असा चमत्कार होतो.

तं आई उभी राहिली. हातात रिकामा गुंड. म्हणे, साहेब, चमत्कार झाला हे बरोबर हाय. सोळा वर्षं झाली, एक दिवसाआड टँकर येत होता, तो गायब झाला.

बाया हसल्या. सर नाही हसले. म्हणे, ताई, हे सगळं तुमच्याच वस्तीतल्या मुलीनं भरून दिलंय. आई म्हणे, माह्या पोरीनं खरं लिहिलं. तुमच्या ऑफिसात बदलवलं कोणी तरी. मूळ कागद आणा, सगळ्यांसमोर उघडा. सर म्हणे, आणतो. पुढच्या मंगळवारी. अन् ताई, कागदात काही निघालं नाही तर मग परत तक्रार नको.

सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. माह्या पाठीवर थापा मारल्या. शाल लय गरम होती.

जाताना यमुताईनं कानात सांगितलं, माह्या घरचा कागद गायब कर वं बाई, कामठीवाले शुक्रवारी येऊन राहिले.

२३ एप्रिल, बुधवार

ताप येऊन राहिला असं वाटते. थर्मामीटरमध्ये नाही आला.

२५ एप्रिल, शुक्रवार

उमरेडले मावशीकडे जायचं ठरवलं. पळून नाही, भेटायले. लय दिवस झाले भेटली नव्हती. बसमध्ये खिडकीजवळची सीट भी मिळाली. खिडकीतून दिसलं, आई रोड ओलांडून राहिली होती. डोक्यावर एक गुंड, काखेत एक, अन् ट्रकवाला हॉर्न वाजवून राहिला. मोकळा हात नव्हता तं तिनं मान हलवून त्याले थांब म्हटलं.

मधातच दिघोरीले उतरली अन् वापस आली. बस लागते मले.

२८ एप्रिल, सोमवार

उद्या सांगायच्या भाषणाची तयारी केली. चार पानं. आरशासमोर दोनदा म्हटलं. एकदम कडक झालं. प्रत्येकाची चूक त्याच्या-त्याच्या पदरात टाकली हाय.

२९ एप्रिल, मंगळवार

समाजभवन भरलं होतं. सरांनी गठ्ठा सोडला. वरच आमचा फॉर्म. सर वाचून राहिले, कुटुंबप्रमुख पुष्पलता. नळ, हो. चोवीस तास पाणी, हो. सर्व मुले शिक्षणात, हो.

आईनं कागद हातात घेतला. तिले जास्त वाचता नाही येत. पण मी 'ह' कसा काढते, शेपूट लांब सोडून, ते तिले माहीत हाय. तिनंच शिकवला होता.

ती माह्याकडे पाहून राहिली. चार पानं माह्या हातातच राहिली. मी उभी झाली अन् एवढंच म्हटलं, मी लिहिलं. मले वाटलं जास्त मार्कवाल्याले नळ देतात. सगळीकडं जास्तवाल्यालेच देतात.

सरांनी गठ्ठा परत बांधायले घेतला.

मंग यमुताई उठली. म्हणे, पोरीले काय पाहून राहिले सगळे? मीच सांगितलं तिले, नळ लिही म्हणून. माह्या घरात नळ नाही. टाइल नाही. माही श्वेता दहावी नापास हाय. कामठीवाल्यांले कोणाले सांगायचं असन तं आत्ताच फोन लावा, नंबर मी देते. मागून श्वेता म्हणे, माय, एका विषयातच नापास हाय.

मंग एकेक जण. देवरावकाकानं दोन्ही नळ परत घेतले. चिन्मयी मॅडम भराभर लिहून राहिल्या होत्या, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणे, इतक्या वर्षांत अशी सभा मी पाहिली नाही. सर म्हणे, फेरमूल्यांकन करू.

घरी येताना आई पुढं, मी मागं. पण मले आतून वाटून राहिलं, झालं. आता नळ येते.

६ मे, मंगळवार

फेरमूल्यांकनाचा कागद आला. मॅडमनं स्वतः आणून दिला, माह्याकडं जास्त पाह्यलं नाही.

नळ, पाणी, संडास यांचे मार्क घरोघर परत तपासल्याशिवाय बदलत नाहीत. ते पुढच्या फेरीत. पुढची फेरी तीन वर्षांनी. यंदा फक्त तेच बदलता येते, जे सभेत अधिकाऱ्यानं स्वतः पाह्यलं.

तसा एकच प्रश्न निघाला. एकोणपन्नासावा. 'नागरिक आपले प्रश्न अधिकाऱ्यांसमोर न घाबरता मांडतात काय?' अख्ख्या गठ्ठ्यात तो एकच प्रश्न, जिथं मी सगळ्याच घरांले 'नाही' लिहिलं होतं. सरांनी ते खोडून 'हो' केलं अन् सही मारली.

आपली वस्ती एक्क्याण्णवची त्र्याण्णव झाली. पहिला नंबर कायम. टँकर आठवड्यातून एकदा, कायम.

म्हणजे हिशोबानं पाह्यलं तं हे दोन मार्क माहे एकटीचे हाय. बाकीचे नंतर उठले. आईले सांगणार होती. ती पलीकडच्या लाईनीत उभी होती, मागं न पाहता दुसरा गुंड तिनं माह्या हातात दिला. आमच्या पुढं तेवीस जण. नळ साडेसातले बंद होऊन जाते.