पूजेला घासलेला फ्लास्क

४ ऑक्टोबर १९७८
आजही तेच. फॉर्मिक आम्लात आम्ही बनवलेलं अमाइन टाकायचं, की बुडबुडे सुरू. एरवी याला धातू लागतोच; इथे धातूचा कणही न घालता आम्ल फुटतं, हायड्रोजन निघतो — हाच माझा प्रबंध. चार वर्षं हेच बुडबुडे मोजतोय. वीट आलाय. पण डिसेंबरात माझे गाईड भोयर सर रिटायर होणार, त्याआधी प्रबंध गेलाच पाहिजे.

फ्लास्कसुद्धा तोच. माझ्याआधी जयवंताताई त्यात पॅलेडियम धातूची पूड करायच्या — इतकी बारीक, की पाणी नुसतं चहासारखं दिसायचं. पहिल्याच दिवशी सर म्हणाले होते, "याले घासू नको गा. विसळत जाय फक्त." काच महाग, म्हणून असेल.

९ ऑक्टोबर
उद्या खांडेनवमी. सर अमरावतीला गेलेत. टेबलावर पूजा मांडायचं ठरलं. उमरेडला बाबांनी माग घासून ठेवलाच असेल. त्यांचं नेहमीचं — "ज्यानं पोट भरते त्याले आधी घासा, मंग कुंकू लावा."
फ्लास्कच्या बुडाला करडी झाक होती. ब्रशने हलेना. सोनंही विरघळवणारं अम्लराज ओतलं तेव्हा गेली. लख्ख झाला. बरं वाटलं.

१२ ऑक्टोबर
एक बुडबुडा नाही.

१४ ऑक्टोबर
नवं आम्ल, नवं अमाइन, नवं बूच. ढिम्म! फ्लास्कच्या गळ्यावर कुंकवाचं बोट तेवढं आहे. प्रेमिला म्हणाली, "दसरा तं गेला. दिवाळीले तरी घरी राहान का?" बायकोला काय सांगणार? जेवून झोपलो.

१६ ऑक्टोबर
जयवंताताईंची पॅलेडियमच्या पाण्याची जुनी बाटली कपाटात सापडली. त्यातला एक थेंब आम्लात टाकला, अमाइन न घालता. बूच लावायच्या आत फसफसलं!
म्हणजे चार वर्षं काम करत होती ती करडी झाक, ताईंचं बुडाला चिकटलेलं पॅलेडियम. आमचं अमाइन नुसतं वरातीत नाचत होतं.
सरांना कसं सांगू? त्यांचे तीन शोधनिबंध यावर छापलेत. आधीच बीपी आहे. सहन होणार नाही त्यांना.

१८ ऑक्टोबर
धंतोलीला सरांच्या घरी गेलो. धीर होईना. बुडबुडे थांबलेत, एवढंच म्हणालो.
सरांनी पेपर खाली ठेवला. "काहून धुतला गा तो फ्लास्क?"
धुतल्याचं मी अजून सांगितलंच नव्हतं.