कोंबडी खाणारा सरकारी जासूस

अजी,

भाकरी टोपल्यात झाकून ठेवली आहे. काल उरलेला रस्सा शोधू नका, तो मी उकिरड्यावर फेकून देल्ला.

तुमचा भाचा मोतीलाल मुंबईहून आला अन् चौकात सांगत सुटला, तिकडं आपल्या शेठच्या घरी टीव्हीवर त्यानं सरकारी जासूस पाह्यला. त्याच्या कानात मशीन, भिंतीपल्याडचं सारं ऐकते म्हणे. वरून सांगतलं, आमच्या मामाच्या कानातही सरकारनं तेच बसवलं. तुम्ही जंगल खात्यातले बाबू, लोकाइले खरंच वाटलं. नागपूरहून आणलेलं कानाचं मशीन आहे, इतकं बोलायले तुमची जीभ झडली होती काय? मिशीले पीळ देत बसले.

काल मैनाबाई रडत दारात आली. पोरानं चोरून सागाचं लाकूड आणलं, ते तुमच्या मशीननं ऐकलं, अशी तिची समजूत. अंडे देणारी एकुलती कोंबडी तिनं तुमच्या पायाशी ठेवली. तुम्ही साहेबासारखी मान हलवली. संध्याकाळी तीच कोंबडी खाताना, हाड चोखता चोखता मले विचारलं, "ते बाई काय म्हणत होती वं?"

मी तिथंच ताटावरून उठली. मशीनचा सेल तर पोळ्यापासूनच संपला आहे, म्हणून हे लिहून ठेवलं.

आपली तांबडी कोंबडी घेऊन मी तिच्या घरी चालली. साऱ्या मोहल्ल्यादेखत सांगणार आहे, आमचा माणूस ठार बहिरा आहे. इतक्या जोरानं सांगीन, की तुम्हालेही ऐकू येईल.

सत्यभामा