साखरचौथीचा क्रीम सोडा

बाबा, परवा साखरचौथीला तुमच्या मुलानं घरी क्रीम सोडा केला. मी एक घोट घेतला आणि मागच्या मोरीत जाऊन थुंकून टाकला. मग चूळ भरली, पुन्हा भरली, तरी जीभ बधिरच. व्हॅनिलाचा इसेन्स इतका होता की गोडाच्या पलीकडे जाऊन तो कडू लागत होता, औषधाच्या दुकानात फुटलेल्या बाटलीसारखा. खाली करपलेल्या साखरेची चव, वर तो इसेन्स. बाहेर ओटीवर मात्र सगळे पीत होते. गणपतीच्या घरात हातात दिलेलं कुणी परत करत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं. माझ्या ऑफिसातल्या नवीन पनवेलच्या मुलींना मात्र दरवर्षी पहिल्यापासून सांगावं लागतं, की अनंत चतुर्दशी झाल्यावर जी संकष्टी येते त्या दिवशी आमच्या गावांत पुन्हा दीड दिवसाचा गणपती बसतो, आणि हो, तो खराच गणपती असतो, उरलेला नसतो. त्या हसतात. आणि दर्शनाला आलेल्याला आमच्या घरी चहा नाही, क्रीम सोडा देतात, हे सांगितलं की आणखी हसतात. ती रीत गावाची नाही, तुम्ही पाडलेली आहे, हे मी त्यांना सांगत नाही.

मला तुमचा स्वयंपाकघरातला तो दिवस आठवतो. खरं तर दरवर्षीचाच दिवस, पण डोळ्यांसमोर एकच येतो. तुम्ही रात्रपाळी करून आलेले, आंघोळ करून, बनियनवर, अॅल्युमिनियमच्या टोपासमोर उभे. आईला त्या दिवशी स्टोव्हजवळ येऊ देत नव्हतात. मूठभर साखर कोरडीच टोपात टाकायची, ती कडेनं विरघळायला लागली की टोप नुसता फिरवायचा, चमचा लावायचा नाही. रंग बिस्किटासारखा झाला की पाणी, मग उरलेली साखर, मग अर्धं लिंबू. पाक पूर्ण गार झाल्यावर इसेन्स. आणि पाहुणा समोर बसल्यावरच ग्लासात बर्फ, दोन बोटं पाक, वरून ग्लास तिरका धरून सोडा, म्हणजे पांढरा फेस काठापर्यंत येतो आणि सांडत नाही. मी पाटावर उभी. साखर रंगावर आली की तुम्ही विचारता, "काय गो, वास आला का?" मी नाक पुढे करते आणि म्हणते, "नाय अजून." मग पुन्हा विचारता. मी "आला" म्हटलं की पाणी पडतं, टोप फुसफुसतो, तुम्ही हसता. इसेन्सचंही तसंच. टोपणानं थोडा थोडा घालायचा आणि माझ्याकडे बघायचं. मला वाटायचं तुम्ही माझे लाड करताय. मोठ्या माणसांचा खेळ लहान मुलीला खेळू देताय. मी शाळेत सांगितलं होतं, आमच्याकडे मी सांगितल्याशिवाय पाक होत नाही.

तुम्हाला वासच येत नव्हता हे मला किती उशिरा कळलं. आईला ठाऊक होतं, पण आपल्या घरात अशा गोष्टींना नाव देत नाहीत. मला ते कळलं मासळीमुळे. तुम्ही पनवेलच्या बाजारातून मांदेली आणलीत, पिशवी ओट्यावर ठेवलीत, आणि आईनं ती उघडायच्या आधीच पदर नाकाला लावला. मासळी केव्हाचीच उतरलेली. ती पिशवी तशीच उचलून मागे गेली. तुम्ही म्हणालात, "ताजी हाय सांगत होती ती." आगऱ्याच्या घरातला माणूस, खाडीच्या काठी वाढलेला, आणि मासळी ताजी की शिळी हे विकणारीला विचारतो. त्या दिवशी तुमचं तोंड इतकं पडलं होतं की मी खेळायला पळाले. त्यानंतर तुम्ही बाजारात गेला नाहीत. आणि पुढच्या साखरचौथीला मला पाटावर बोलावलं नाहीत. तुम्ही म्हणालात, आता अंदाज आलाय. अंदाज कसला, साखर काळी पडली आणि इसेन्सची अर्धी बाटली गेली. मी पाहुण्यांसमोर म्हटलं, "बाबा, हा घाण झालाय." तुम्ही मला आत नेलंत. मारलं नाहीत. फक्त म्हणालात, "आपल्या घरच्या वस्तूला लोकांसमोर नाव ठेवायचं नाय. परत ठेवलंस तर याद राख." मी परत ठेवलं नाही. तुम्ही असेपर्यंत दरवर्षी तो तसाच झाला आणि दरवर्षी मी तो प्यायले.

परवाही सगळे प्यायले. इथेच मला खरी किळस आली, बाबा, त्या ग्लासाची नव्हे. तुम्हाला तळोज्याच्या केमिकल कंपनीत लावणारे, पलीकडच्या आळीतले ठेकेदार काका आले होते. गळ्यात सोनं आता आणखी जाड झालंय. त्यांनी एक ग्लास संपवला, दुसरा मागितला आणि तुमच्या मुलाच्या पाठीवर थाप मारली. "बापाचा हात हाय रे तुझा. तोच क्रीम सोडा. डोळं मिटून पिला तरी सांगीन." सगळ्या ओटीनं मान डोलावली. तिथे बसलेल्या निम्म्या पुरुषांनी त्याच कंपन्यांतून पाळ्या केल्या आहेत. त्यांना तो खरंच चांगला लागत असेल. बायकांना लागत नव्हता. कोपऱ्यातल्या दोघी-तिघी नुसता ग्लास ओठाला लावून खाली ठेवत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. आई आतून मला खुणावत होती, गप राहा. आणि तुमचा मुलगा खुशीत हसत होता. तुम्ही गेलात तेव्हा तो चौथीत होता. तुमच्यासारखं त्याचं काहीतरी झालं, असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

त्याला सहा महिन्यांपूर्वी काकांनीच कंपनीत घेतलं, ठेक्यावर. सोमवारपासून तुम्ही होतात त्याच प्लांटला कायम करणार आहेत.

काल दुपारी गणपती गेल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, बीएस्सी झालीस म्हणून घरातच लॅब उघडलीस काय?" मी त्याच्या नाकाखाली कापूर धरला. तो म्हणाला, "थंड लागतंय. कापूर." मला वाटलं, देवा, मीच वेडी; थंडावा वासाशिवायही लागतो हे विसरले होते. मग साबणाची वडी धरली. तो थोडा थांबून म्हणाला, "हळद?" हसत म्हणाला, गंमत केल्यासारखा. मग मी सुक्या जवळ्याचा डबा उघडून धरला. जवळा, बाबा. तो उघडला की शेजारच्या इमारतीतले लोक खिडक्या लावून घेतात. तो डोळे मिटून बसला होता, तोंडावर अजून हसू होतं, आणि म्हणाला, "आता तरी धर की काहीतरी."

मी डबा खाली ठेवला. त्यानं डोळे उघडले, डब्याकडे पाहिलं आणि स्वतःच उचलून नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरून राहिला. मग म्हणाला, "पहिले दोन महिने मला रोज उलटी व्हायची ताई. मी सांगितलं नाय. मग थांबली. मला वाटलं, सवय झाली." आई दारात उभी होती. ती म्हणाली, "तुझ्या बाबांनापण असंच वाटलं होतं." तिनं हे इतक्या साध्या आवाजात सांगितलं, जसं भात उतू गेला म्हणून सांगावं. मला तिचीही किळस आली. हे लिहायला नको, पण आली.

मी तशीच ठेकेदार काकांकडे गेले. मला वाटलं होतं, त्यांना माहीत नसेल, सांगितलं तर हादरतील. शिकून मला एवढी अक्कल आलेली. ते ओसरीवर पान लावत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगो पोरी, ते आमाला ठाऊक हाय. ज्याला वास येतो तो महिन्यात पळतो. ज्याचा गेला तो टिकतो. म्हणून तर त्याला कायम करतोय." मग मला पाणी विचारलं. बसायला सांगितलं. वाईट माणसासारखं काहीही वागले नाहीत. उलट समजावून सांगत होते, जसं शेतात बैल कसा पारखायचा ते सांगावं. मी त्यांच्याशी भांडायला शब्द शोधत होते आणि मला एवढंच सुचलं, "बाबांचंही तुम्हाला माहीत होतं?" ते म्हणाले, "तुझ्या बाबानंच तर मला शिकवलं हे."

बाबा, हे खरं आहे का? तुम्ही त्यांना ते हसत सांगितलंत का, एखाद्या साखरचौथीला, ग्लास हातात देताना? माझ्यासमोर ज्याचं नाव काढलं नाहीत ते त्यांना सांगितलंत?

घरी आले तर तुमचा मुलगा उरलेला पाक मोरीत ओतत होता. मी म्हटलं, सोमवारी जायचं नाही. तो म्हणाला, "मग काय करू? या घरात एक शिकली. तिच्यासाठी बाबांनी नाक घालवलं. माझ्यासाठी कोण घालवणार?" रागानं नाही म्हणाला, विचारलं. मी त्याला ओढत पनवेलला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दिवा लावून बघितलं आणि म्हणाले, तिथून लांब राहिला तर कदाचित येईल परत, कदाचित नाही; तिथे राहिला तर विचारायला माझ्याकडे येऊ नका. येताना रिक्षात तो सारखा हाताचा तळवा नाकाशी नेत होता. घराजवळ आल्यावर म्हणाला, "सोमवारी नाय जात. पुढचं तू बघ." बाबा, त्याचा माझ्यावर केवढा विश्वास आहे, आणि पुढचं मला काहीही दिसत नाही. माझ्या पगारात तिघं बसतात की नाही, तो शिकेल की नाही, आई मला माफ करेल की नाही. पण त्याला त्या दारातून पुन्हा आत जाऊ देणार नाही, एवढं ठरलं आहे.

हे पत्र मी तुमच्या फोटोमागे ठेवणार नाही. आईला सापडलं तर ती त्याच्याकडूनच वाचून घेईल, आणि यापुढचं त्यानं वाचायला नको. सहा महिने तो पाळी करून आला की दारात आधी त्याच्या कपड्यांचा वास यायचा. लसूण कुजल्यासारखा, गंजासारखा, घशात बसणारा. असा वास माझ्या जगात फक्त एकाच माणसाच्या अंगाला यायचा, आणि त्या माणसाला जाऊन अकरा वर्षं झाली आहेत. मी रसायनशास्त्र शिकलेली, त्या वासात काय काय असतं ते मला दुसऱ्याच दिवशी त्याला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. संध्याकाळी तो यायच्या वेळेला मी दाराजवळ जाऊन उभी राहायचे.