माझं माप, तायडीचं माप

३ फेब्रुवारी
परवानगी मिळाली! शाळेच्या शर्यतीची! म्हणजे... जवळजवळ मिळाली. मूत्रपिंडं बिघडल्यापासून खेळाच्या तासाला मी सगळ्यांची दप्तरं सांभाळत बसते. आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धावायला हरकत नाही, पण आधी रक्तवाहिन्या बघू. मूत्रपिंडाच्या आजारात बीपी वाढतं, रक्तवाहिन्या ताठ होतात आणि सगळा भार हृदयावर येतो. लहान मुलांमध्येसुद्धा."
आईचा चेहरा एवढासा झाला. माझ्या डोक्यात फक्त — धावायचंय!

४ फेब्रुवारी
तुलनेसाठी एक तंदुरुस्त भावंडही हवंय त्यांना. तायडी एका पायावर तयार. कॉलेज बुडतंय ना! लबाड.

८ फेब्रुवारी
काय धमाल! मानेवर गारेगार जेल, आणि पडद्यावर माझीच रक्तवाहिनी — धडधड उडणारी! मी बघायला मान वळवायची, तपासणाऱ्या बाई ओरडायच्या, "अगं, हलू नकोस!"
मग दोघींच्या दंडाला बीपीचं यंत्र, उद्यापर्यंत. मध्येच करकचून आवळतं. जेवताना दोघींची यंत्रं एकदम घुरघुरली. बाबांना हसून हसून ठसका!

९ फेब्रुवारी
यंत्रं परत केली. तायडी चिडलेली — "डोळ्याला डोळा लागला नाही. तू कशी घोरत होतीस?" मी घोरत नाही.

१५ फेब्रुवारी
लवचीक!! माझ्या रक्तवाहिन्या लवचीक आहेत! बीपीही गोळीनं ताब्यात. "धाव," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण दम लागला की थांबायचं. आणि मीठ कमी ते कमीच." आईनं दवाखान्याच्या पायऱ्यांवर, सगळ्यांदेखत, माझा पापा घेतला. शी!
तायडीचं बीपी मात्र जास्त आलंय. आता तिची लघवी, रक्तही तपासणार. यंत्रच बिघडलं असेल, नाहीतर तिचं जागरण. तिनं मला तिचे धावायचे बूट दिले. सैल होतात, पुढे कापूस कोंबला.

२२ फेब्रुवारी
सहावी! आठजणींत सहावी! मध्ये दम लागला, थोडं चालले, परत धावले. बाबा असे ओरडत होते की लोकांना वाटलं मीच पहिली. तायडीचा तर घसाच बसला. पाय अजून लटपटताहेत आणि मला झोपायचंच नाहीये!

२४ फेब्रुवारी
यंत्र बिघडलं नव्हतं. माझा आजार तायडीलाही आहे.
"लवकर सापडलाय," डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या. घरी कुणीच धड जेवलं नाही.
तायडी माझ्या पलंगाशी येऊन उभी राहिली. "सुरुवातीला काय काय करतात गं?"
आजवर तिनं मला कधी काही विचारलं नव्हतं. मी सरकून तिला जागा केली.